येसूबाईचा धवला

लोधिवलीची येसूबाई धवलारीण होती. त्या काळी, म्हणजे सन चोवीस-पंचवीसच्या सुमाराला, चौक गावापासून खालापूरपर्यंतच्या आगरी घरांत लग्न लागायचं ते धवलारणीच्या तोंडून. ती पाटाशेजारी बसून धवले गायची आणि त्या गाण्याच्या ओळीमागे ओळ लग्न पुढे सरकायचं. हळद दळली जायची, तेल चढायचं, नवरा मांडवात यायचा, पोरीचा हात पोराच्या हातात जायचा. धवला थांबला की लग्न थांबलं. त्यामुळे मांडवात येसूबाईचा शब्द पाटलाच्याही वर चालायचा.

बाकीचे धवले ती खालापूरच्या सोनुबाईकडून शिकली होती. सोनुबाई थोरली धवलारीण, तिची गुरू. पण हळदीचा एक धवला येसूबाईचा स्वतःचा होता. तो तिने आपल्या एकुलत्या एका पोरीच्या, जनाच्या लग्नात रचला होता. जना दीड वर्षाने पहिल्या बाळंतपणात गेली. त्यानंतर येसूबाई तो धवला प्रत्येक नवरीसाठी गायची आणि गाताना तिचा डावा डोळा मिटायचा. ती पापणी जन्मापासून जड होती. सुरात शिरली की आपोआप खाली यायची.

*हळदीच्या वाटंनं चालली माझी मैना,*
*पाऊल तिचं पिवळं, माघारी काय येईना.*

चौकाला आबाजी नावाचे एक जमीनदार होते. त्यांच्याकडे एका उन्हाळ्यात हवापालटाला पाहुणा आला. नरहरबुवा ओगले. रत्नप्रभा संगीत मंडळीतला गाणारा नट. त्याचं नाव त्या वेळी पुण्या-मुंबईत गाजत होतं. गावात एक लग्न होतं तिथे आबाजी त्याला घेऊन गेले, आणि बुवाने येसूबाईचा धवला ऐकला. दुसऱ्या दिवशी तो चालत लोधिवलीला आला.

"बाई, तो हळदीचा धवला मला पुन्हा ऐकवाल?"

"मांडव नाय, नवरी नाय. धवला कसा म्हनू?" येसूबाई म्हणाली.

तो गेला नाही. ओट्यावर बसून राहिला. दुपारी ऊन अंगावर आलं तरी बसून राहिला. शेवटी तिच्या नवऱ्यालाच, चांगोला, दया आली. "म्हन की गं. एवडा मोटा मानूस दारात बसलाय."

येसूबाईने दारात रांगोळीची एक रेघ ओढली, पाट मांडला, पाटावर नारळ ठेवला. नारळाला नवरी मानून तिने धवला म्हटला. बुवा ऐकत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. खोटं नव्हतं ते. येसूबाईने आयुष्यात रडणारी माणसं खूप पाहिली होती, खऱ्या-खोट्यातला फरक तिला कळत होता. त्याने विचारलं, ही चाल कुठली? आणि येसूबाईने, जी चांगोशीसुद्धा त्या विषयावर बोलत नसे, तिने त्या परक्या माणसाला जना कशी होती, कशी गेली, सगळं सांगितलं. तो तीन दिवस आला. तीन दिवस तिने गायलं. चौथ्या दिवशी वाकून नमस्कार करून तो गेला. त्या रात्री येसूबाई चांगोला म्हणाली, "गुनी मानूस हाय." मनातून ती फुलली होती. पुढे जेव्हा जेव्हा तिला तो नमस्कार आठवला, तेव्हा तेव्हा तिला आपलीच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पुढच्या वर्षी माघात चौकाला एक लग्न होतं. नवरी बुधी, पंधरा-सोळा वर्षांची. येसूबाईने हळदीचा धवला सुरू केला. पहिली ओळ झाली आणि मांडवाच्या मागच्या बाजूला पोरं खिदळली. येसूबाईने तिकडे पाहिलं नाही. लग्नात पोरं हसतातच. तिने दुसरी ओळ उचलली तर कोणी तरी मागून तिच्याच चालीवर, तिच्याही आधी म्हटलं:

*दारूच्या वाटंनं चालली म्हातारी मैना,*
*पाऊल तिचं वाकडं, घरला काय येईना.*

सगळा मांडव हसला. हळद वाटणाऱ्या बाया हसल्या. ढोलकीवाला हसला. आणि पाटावर मान खाली घालून बसलेल्या बुधीचे खांदे हलायला लागले. ती पोर रडत नव्हती. तोंडात पदराचा बोळा कोंबून हसत होती.

येसूबाई थांबली. तीस वर्षांत तिने धवला मध्येच तोडला नव्हता. तोडायचा नसतो. पण गळ्यातून आवाजच निघेना.

"काय झालं? म्हना की!" बुधीची आई घाबरून म्हणाली. "आवो, धवला तुटला! म्हना लवकर!"

"कुटलं गानं हाय ह्ये?" येसूबाईने विचारलं. "कोन शिकवलं तुमाला?"

पोरांतला गजा म्हणून एक होता, तो कर्जतला रेल्वेत मजुरीला जायचा. तो पुढे आला. "मावशे, नाटकातलं हाय. कर्जतला कंपनी आलीय ना. त्यात एक दारुडी धवलारीण हाय. लई मजा येते. समदं कर्जत म्हनतंय."

येसूबाईने कसाबसा दुसरा धवला लावून लग्न पार पाडलं. पण नवऱ्याकडच्यांनी जाताना ऐकवलंच, "हळदीत धवला तुटला. आता पोरीचं काय वाईट झालं तर आमाला बोल लावू नका." बुधीच्या आईने येसूबाईकडे अशा नजरेने पाहिलं, जशी काही येसूबाईनेच तिच्या पोरीच्या हळदीत माती कालवली होती.

त्या रविवारी चांगो पेंढ्याची गाडी घेऊन कर्जतच्या बाजाराला निघाला, तेव्हा येसूबाई गाडीत चढून बसली. "नाटक बघाया येतेय," एवढंच म्हणाली. चांगोने तिच्या डोळ्याकडे पाहिलं आणि बैल हाकले.

स्टेशनापलीकडे मैदानात कंपनीने मोठा मांडव ठोकला होता. रविवारी दुपारी बायकांसाठी खेळ असायचा. येसूबाई तट्ट्यालगत बसली. पहिला अंक सगळा राजवाड्यातला होता. दुसऱ्या अंकात एका म्हाताऱ्या सावकाराच्या लग्नाचा प्रवेश आला, आणि विंगेतून ती धवलारीण झोकांड्या खात बाहेर आली.

 ती धवलारीण म्हणजे येसूबाई स्वतः होती. गुडघ्यावर घट्ट चापून नेसलेलं हिरवं लुगडं, तिच्यासारखंच. डाव्या खांद्यावर पदराची गाठ, तिच्यासारखीच. गायला बसताना उजवा हात कानामागे नेऊन अंगठ्याने बुगडी दाबायची तिची सवय होती, तीही होती. आणि डावा डोळा. नरहरबुवा ओगल्याने डावा डोळा अर्धा मिटला होता, तो फडफडवत होता आणि प्रत्येक फडफडीला मांडव हसत होता. पोटावर उशी बांधून, दातांना काळं लावून, तो तिची चाल गात होता. सूर मात्र जिथल्या तिथे होते. एक हरकतही त्याने सोडली नव्हती. तीन दिवस बसून शिकला होता ना. "माघारी काय येईना" या ओळीवर येसूबाईचा आवाज जिथे किंचित फाटायचा, तिथे त्याने उचकी घातली होती.

"वन्समोर!" बायका ओरडल्या. त्याने पुन्हा म्हटलं. पुन्हा उचकी दिली.

नाटक संपेपर्यंत येसूबाई जागची हलली नाही. मग चांगोला गाडीपाशी थांबायला सांगून ती कंपनीच्या बिऱ्हाडाकडे गेली. बुवा तोंडावरचा रंग तेलाने पुसत बसला होता. तिला बघून तो उठून उभा राहिला.

"येसूबाई! तुम्ही खेळाला आला होता? अहो, निरोप पाठवायचा, पुढे खुर्चीवर बसवलं असतं."

"बुवा, त्यो धवला माज्या जनाचा हाय."

त्याने तेलाचा बोळा खाली ठेवला. मग म्हणाला, "चाल तुमची आहे, मी कुठं नाही म्हणतो? पण ती लोधिवलीत राहिली असती. आज पुण्यापासून नागपूरपर्यंत लोकांच्या तोंडी आहे."

"कशी हाय तोंडी? दारूच्या वाटंनं?"

"ते शब्द माझे नाहीत, बाई. मी मालकांना म्हटलं होतं, ही चाल करुण आहे, नायिकेला द्या. त्यांना विनोदी प्रवेश हवा होता. कवीने पद लिहिलं. माझ्या हातात काय आहे?"

"हात ऱ्हाऊ दे. गळा कुनाचा हाय?"

बुवाने बोळा पुन्हा उचलला.

"डोळा बी मालकानीच मिटाया सांगितला? उचकी बी? माज्या दारात बसून रडलात, बुवा. म्या बघितलं. खरं रडलात. आनि त्येच्यातच बघून ठिवलंत की ही बाई डोळा कसा मिटते, हात कुटं ठिवते?"

"नटाची नजर असते ती," तो हळू आवाजात म्हणाला. "रडतानाही बघत असतो आम्ही. माझा बाप वारला तेव्हासुद्धा मी बघत होतो." मग त्याने पेटीतून एक नवं लुगडं काढलं. "हे घ्या. माझ्या बहिणीला दिलं असं समजा."

येसूबाईने त्या लुगड्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडातला आदर तिथेच गळून पडला. "तुज्या सोंगालाच नेसव ते. पुडच्या ऐतवारी त्ये पद म्हनायचं नाय. सांगून ठिवते."

"बाई, लोक त्याच पदासाठी येतात."

"सांगून ठिवते," ती पुन्हा म्हणाली आणि निघाली.

तिथून तिने चांगोला गाडी घरी न नेता खालापूरला सोनुबाईकडे न्यायला लावली. तिला वाटलं होतं म्हातारी जवळ घेईल. सोनुबाईने सगळं ऐकून घेतलं आणि कडाडली, "नारळ मांडून धवला म्हनलीस? परक्या बाप्यापुडं? तुला कोन शिकवलं व्हतं आसं? तूच दार उगडलंस, तूच रड आता."

"चुकले म्या," येसूबाई म्हणाली. "पन रडाया नाय आले. येतीस का त्ये इचाराया आले."

 सोनुबाईने कोपऱ्यातली काठी उचलली आणि म्हणाली, "आनखी दोघीचौघींना सांग."

पुढच्या रविवारी दुपारच्या खेळाला नऊ धवलारणी कर्जतला आल्या. सगळ्या पुढच्या ओळींत बसल्या. दुसरा अंक आला. विंगेतून बुवा बाहेर आला. त्याने येसूबाईला पाहिलं असावं, कारण त्याचं पाऊल क्षणभर अडखळलं. पण प्रेक्षकांना ते दारुडीचं अडखळणं वाटलं आणि हशा पिकला. हशाने त्याला पुढे ढकललं. त्याने हात कानामागे नेला, डोळा मिटला आणि पद उचललं.

येसूबाई उभी राहिली. तिने खरा धवला सुरू केला. मागोमाग आठ जणी उभ्या राहिल्या. सोनुबाईचा घोगरा आवाज खालून, येसूबाईचा वरून. उघड्या माळावर मांडव सोडून दुसऱ्या वाडीपर्यंत ऐकू जाणारे ते गळे. त्यांच्यापुढे बुवाचा तालमीतला आवाज बुडून गेला. पेटीवाल्याची बोटं नकळत त्यांच्यामागे धावू लागली, कारण चाल तीच होती. येसूबाईला वाटलं, आता ऐकतील. आता यांना कळेल.

दोन ओळी मांडव चिडीचूप होता. आणि मग कोणी तरी टाळी दिली.

"आवो, कंपनीनं खऱ्या धवलारनी आनल्या!" मागून एक बाई ओरडली. सगळा मांडव खूश झाला. टाळ्या, शिट्ट्या, हसणं. लोकांना वाटलं हा नाटकाचाच भाग. "वन्समोर!" कोणी ओरडलं. "म्हाताऱ्यांनो, वन्समोर!"

येसूबाईचा आवाज जागच्या जागी बंद झाला. जनाच्या धवल्याला वन्समोर. खरा गायला तरी वन्समोर. हसू आणायला गायला तरी वन्समोर. त्या माणसांना दोन्हींत काही फरकच नव्हता.  तिने पदर कमरेला खोचला आणि पेटीवाल्याच्या बाजूने ती रंगभूमीवर चढली.

बुवा मागे सरकला. "येसूबाई, अहो, खेळ चालू आहे..."

तिने त्याच्या डोक्यावरचा अंबाड्याचा टोप ओढून खाली फेकला. खांद्यावरची पदराची गाठ धरली आणि हिसडा दिला. हिरवं लुगडं सुटलं, उशी घरंगळून पेटीवाल्याच्या पुढ्यात पडली, आणि पुण्या-मुंबईचा तो नामांकित नट चोळी आणि गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत सगळ्या कर्जतच्या बायकांसमोर उभा राहिला.

आता कोणी हसलं नाही.

"आता गा," येसूबाई म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या तट्ट्यापर्यंत गेला. "लुगडं माजं हाय, त्ये घेतलं. डोळा माजा हाय, त्यो उगड. आता तुजं जे काय उरलंय त्येच्यानं गा. माज्या मेलेल्या पोरीचा धवला हाय ह्यो. गा!"

बुवाने तोंड उघडलं. मिटलं. त्याचे दोन्ही डोळे सताड उघडे होते. मग पडदा पडला.

मालकाने तक्रार केली. येसूबाईला चौकीवर नेलं. फौजदार शांत माणूस होता; त्याने तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि कागद पुढे ओढला.

"बाई, तुम्ही नटाच्या अंगावर गेलात, कपडे फाडले. खरं ना?"

"खरं. त्यानं माजं चोरलं म्हनून."

"काय चोरलं?"

"धवला."

फौजदाराने टाक थांबवला. "वस्तू सांगा. दागिना, भांडं, कापड?"

"चाल. माजी चाल. आनि माजी... मी हाय तशी मी."

"चाल तुमच्याकडे अजून आहे ना? मग चोरी कशी झाली?" त्याला खरंच कळत नव्हतं. चिडवत नव्हता तो. "मी काय लिहू, तुम्हीच सांगा."

येसूबाईकडे शब्द नव्हता. तिला गाता आलं असतं, पण गायचं तर ती चाल हवी होती, आणि ती चाल आता तिच्याजवळ राहिली नव्हती. हे त्या कागदावर कसं बसवायचं, ते तिला माहीत नव्हतं. पुन्हा कंपनीच्या आसपास फिरकणार नाही, असं लिहून आणलेल्या कागदावर अंगठा दिला तर तुम्हाला सोडतो, असं फौजदार म्हणाला. तिने अंगठा मुठीत दाबून धरला. तीन दिवस तिने अंगठा दिला नाही. चौथ्या दिवशी कंपनीच कर्जत सोडून पुण्याला गेली, आणि तिला सोडून दिलं.

पद बंद झालं नाही. गजाने दोनेक महिन्यांनी बातमी आणली की पुण्यात त्या प्रवेशात भर घातली आहे. आता म्हणे दारुडी धवलारीण शेवटी सावकाराचं धोतर ओढते, आणि त्याला तर फारच टाळ्या पडतात. तो प्रवेश दुसरा कुणी नट करतो. नरहरबुवाने ती भूमिका सोडली म्हणतात. कोणी सांगायचं त्याला काढलं, कोणी सांगायचं त्याने आपणहून नाही म्हटलं. येसूबाईने चौकशी केली नाही. त्याने सोडलं म्हणून धवला परत येणार नव्हता.

त्या वर्षी तिला एकाही लग्नाला बोलावणं आलं नाही. हळदीत धवला तोडणारी, वर चौकीवर बसून आलेली बाई कोण बोलावील?  चांगो संध्याकाळी शेजारी येऊन बसायचा आणि विडी ओढायचा. एकदा फक्त म्हणाला, "म्याच म्हनलो व्हतो, म्हन की गं म्हनून."

"तू म्हनलास. पन गायले म्या," ती म्हणाली, आणि त्याच्यावर रागवायचं तिने तिथेच सोडून दिलं. रागाला जागा दुसरीकडे भरपूर होती.

पुढल्या माघात लोधिवलीत पदू म्हणून एकाच्या पोरीचं लग्न होतं. सोनुबाईने त्यांना निरोप धाडला: मी म्हातारी झाले, माझ्या जागी येसू गाईल, नसेल चालत तर दुसरी कोण बघा. दुसरी कोणी यायला तयार नव्हती. बाकीच्या आठ जणींनी एकमेकींशी बोलून ठेवलं होतं.

येसूबाई पाटाशेजारी बसली. मागे पोरं टपून होती; तिला दिसत होतं, त्यांच्या ओठांवर ते पद तयार होतं. हळदीची वेळ आली. तिने हात कानामागे नेला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि एक वेगळीच चाल लावली. बसकी, सरळ, कुठे वळण नाही, कुठे आवाज फाटायला जागा नाही. वर्षभर भात कांडताना तिने ती मुसळाच्या ठोक्यावर बसवली होती. पोरांनी तिच्यात आपलं पद घुसवून पाहिलं, बसेना. हसू आपोआप विरलं. हळद लागली, लग्न लागलं, लोक जेवायला बसले. बाया म्हणाल्या, चाल चांगली आहे.  सोनुबाईला माहीत होतं की आधीची जास्त चांगली होती.

जनाचा धवला येसूबाईने पुन्हा कधी म्हटला नाही आणि कुणाला शिकवलाही नाही. बाकीच्या आठ जणींनीही तो टाकला. सोनुबाई वारली, आणखी दोघी गेल्या, आणि त्या बाजूच्या गावांत तो धवला उरला नाही. दारूचं पद मात्र नाटक बंद पडल्यावरही बाजारात ऐकू यायचं.

दहा-बारा वर्षांनी पनवेलकडचे एक मास्तर वही घेऊन लोधिवलीला आले. बायकांची गाणी उतरवून ठेवत होते, म्हणजे हरवायची नाहीत. चपला बाहेर काढून हात जोडून उभे राहिले. म्हणाले, गाण्याखाली तुमचं नाव लिहीन, गाव लिहीन, अक्षर बदलणार नाही. शेजारची गौराबाई म्हणाली, भला माणूस दिसतोय, सांग एखादं.

येसूबाई सूप पाखडत होती. तिने वर पाहिलं. डावी पापणी खाली आली.

"पानी प्यायचं आसंल तर देते," ती म्हणाली. "गानं नाय."

 मास्तर पाणी प्यायले, आभार मानून गेले. ते वळणापलीकडे दिसेनासे झाल्यावर गौराबाई पुन्हा म्हणाली, "आगं, ह्यो तसला नव्हता."

"नसंल," येसूबाई म्हणाली, आणि सुपातला कोंडा तिने जरा जोरानेच वाऱ्यावर उडवला.